जुन्नरकडचा एक किर्डल

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गोरख करगळच्या मोबाइलवर जगाचा नकाशा आला. त्यात जुन्नरपाशी एक लाल ठिपका होता. जुन्नरच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, गोरख एकोणतीस वर्षं दस्तलेखक म्हणून बसत होता. त्या वेळी तो राजुरीच्या एका म्हाताऱ्याचं बक्षीसपत्र टाइप करत होता. जमिनीच्या चारी बाजूंना कोण आहे ते लिहायचं होतं, आणि पूर्व, दक्षिण, उत्तर लिहून झाली होती. त्यानं दोन बोटांनी नकाशा मोठा केला. इंग्लंडच्या उत्तरेला ठिपक्यांचा दाट पुंजका, कॅनडात विरळ, ऑस्ट्रेलियात आणखी विरळ, न्यूझीलंडच्या खालच्या बेटावर दोन. मग सगळा आशिया रिकामा सोडून हा एक. ठिपक्यावर बोट ठेवलं तशी चौकट उघडली. किर्डल राघू करगळ, मेंढपाळ, पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर. नोंद क्रमांक एकशे त्रेचाळीस. खाली बारीक अक्षरांत, तपासणी बाकी. गोरखच्या मनात जुनं, ओळखीचं काहीतरी येऊन बसलं. किर्डल राघू करगळ हा त्याचा धाकटा भाऊ होता.

“काय झालं भाऊ, लाइट गेली का?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“नाही. पश्चिमेला कोण येतं तुमच्या?”

“भाऊच की माझा. दुसरं कोन येनार?”

गोरखनं पश्चिमेला भाऊ लिहिला. प्रिंट काढली, म्हाताऱ्याला वाचून दाखवली, अंगठा घेतला. हे सगळं हातांनी केलं. डोकं त्या चौकटीत अडकून राहिलं होतं.

किर्डल हे आडनाव इंग्रजी, आणि इंग्लंडातही ते फार थोड्यांनी ऐकलेलं. हेलन किर्डल नावाची एक निवृत्त शिक्षिका अकरा वर्षं त्याच्या मागावर होती. हे आडनाव पहिल्यांदा कुठे उगवलं, तिथून कुठे कुठे गेलं, आज कोणकोण ते लावतं, याची ती गावनिहाय नोंद ठेवत होती. अठराशे एक्क्याऐंशीच्या शिरगणतीत किर्डल एकसष्ट होते. गेल्या वर्षीपर्यंत तिला जगभरात एकशे बेचाळीस सापडले होते. सगळे एकाच ओसाड वाडीतून निघाले असं तिचं मत होतं. ती वाडी आता राहिलेली नाही, तिथे नुसत्या मेंढ्या चरतात. नावाच्या अर्थाबद्दल तिच्याकडे दोन तर्क होते. एक, वळणाऱ्या ओढ्याकाठची जागा. दुसरा, दगडी कुंपणाचा मेंढवाडा. तिचा कल दुसऱ्याकडे होता. हे वाचल्यावर गोरखनं ओढ्याच्या बाजूनं तिला दीड पानाचं पत्र पाठवलं होतं. इंग्लंडातल्या त्या ओढ्याशी आपलं काय नातं, हे तेव्हा त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं.

तिचं पहिलं पत्र आठ महिन्यांपूर्वी तहसील कचेरीत आलं होतं. पिंपरी पेंढारच्या माळावर थॉमस किर्डल नावाच्या मोजणीदाराच्या मदतनिसाचं थडगं आहे का, असेल तर त्यावर काय लिहिलंय. कचेरीतल्या कारकुनानं ते शेडमध्ये आणून टाकलं. “गोरखभाऊ, लंडनचं गिऱ्हाईक आलंय तुमच्याकडं. सातबारा नाही म्हणतंय, थडगं पाहिजे.” गोरख स्वतः गेला. दगड ब्रशनं घासला, पाण्यानं धुतला, वाळल्यावर अक्षरांत पीठ भरलं आणि कोवळ्या उन्हात तिरका फोटो काढला. तिच्या कागदांत मृत्यूचं साल अठराशे सत्तेचाळीस होतं, दगडावर एक्केचाळीस निघालं. वय सव्वीस. तापानं गेला. हेलननं उलट लिहिलं की इतका काटेकोर माणूस मला या कामात दुसरा भेटला नाही. हे वाक्य गोरखनं निर्मलाला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी शोधतोय असं दाखवून पुन्हा वाचून दाखवलं. त्यानंतर चौतीस मेल झाले. त्यानं तिला माळाची लांबी-रुंदी कळवली, दगड कुठल्या खाणीचा असावा ते कळवलं, गावातले लोक त्या थडग्याला ‘सायबाचं ठाणं’ म्हणतात आणि तिथे बिस्किटं अन विडी ठेवतात हेही कळवलं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत ती तिथे नवस बोलते, आणि मग झालेल्या मुलाचं नाव किर्डल ठेवते, हेसुद्धा त्यानं लिहिलं. परक्या मुलखातलं नाव ठेवलं की मरण दारात येऊन हाका मारतं अन चुकीच्या घरी आलो म्हणून परत जातं, अशी समजूत. हेलनला ते फार आवडलं. आज असं नाव असलेलं कोणी हयात आहे का, असं तिनं विचारलं. त्याला गोरखनं एकाच ओळीचं उत्तर पाठवलं होतं. माझ्या माहितीप्रमाणे सध्या अशी कोणी व्यक्ती अस्तित्वात नाही. माझ्या माहितीप्रमाणे. हा शब्दप्रयोग त्यानं हजारो लोकांच्या दस्तांत घातला होता, त्यांना पुढे त्रास होऊ नये म्हणून. स्वतःसाठी पहिल्यांदाच वापरला.

दुपारी हेलनचा मेल आला. राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. तुमच्या पुतणीनं संकेतस्थळावरचा अर्ज भरला आणि मला तुमच्या भावाबद्दल कळलं. तुम्हाला भाऊ आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत, त्यामागे काही कारण असेल याची मला खात्री आहे. मग कामाचं. नाव जन्मानं आलेलं नसून नवसानं आलेलं असेल तर ते कोणाच्या जिवासाठी मागितलं गेलं, हे मला नोंदवावं लागेल. माझ्या मते नाव ज्याच्यासाठी बोललं गेलं त्याचं असतं, दुसरा कोणी ते फक्त वागवतो. तुमच्या आई हयात आहेत असं मुलगी म्हणते. त्यांचा जबाब तुमच्याइतका नीट कोण लिहून घेणार? यादी शनिवारी छापायला जाते.

पुतणी संस्कृती, किर्डलची मुलगी, मंचरच्या कॉलेजात शिकत होती. तिच्यावर राग धरता येईना. तिनं खरं तेच लिहिलं होतं. घरी जेवताना निर्मला म्हणाली, “अहो, सापडला तर सापडला. कुठं परका आहे? भाऊच आहे ना तुमचा.”

“तसं नाही.”

“मग कसं? तुम्हाला पाहिजे होतं का ते इंग्रजी नाव? मला काय, मी ‘अहो’च म्हणले असते.”

ती हसली. तो हसला नाही, म्हणून तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ताटात आणखी भात वाढला. तिला यातलं बरंचसं माहीत होतं. बिस्किटांचं माहीत होतं. दर अमावास्येला आई माळावर जायची, एक विडी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन. विडी पेटवून दगडावर ठेवायची. पुड्यातली दोन बिस्किटं सायबाला, उरलेली सगळी किर्डलला, कारण तो सायबाचा. गोरखला कागद मिळायचा. मेणकापडासारखा तो कागद तो वहीत दाबून ठेवायचा, आणि दोन-तीन दिवस त्याला गोड वास यायचा. भाऊ तीन वर्षांचा, हा नऊ वर्षांचा. नऊ वर्षांच्या मुलानं बिस्किट मागायचं नसतं हे त्याला कळत होतं, म्हणून त्यानं कधी मागितलं नाही, आणि त्यानं मागितलं नाही म्हणून कोणाला कधी कळलंही नाही. भावाचे केस पाचव्या वर्षापर्यंत कापले नव्हते. आई ते खोबरेल लावून विंचरायची आणि म्हणायची, माझा सायब गं. पुढे सगळं गावच त्याला सायब म्हणू लागलं. आता एक्कावन्नाव्या वर्षी तो डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी टाकून सत्तर मेंढरं हाकत रस्त्यानं निघाला की ट्रॅक्टरवाले ओरडतात, ए सायब, बाजूला घ्या की गाडी. गोरख मात्र बी.ए. होऊन एकोणतीस वर्षं कचेरीच्या दारात बसलेला, आत खरे साहेब बदलत राहिलेले, त्यांच्या पुढे उभं राहताना प्रत्येक वेळी हा शब्द उच्चारायचा आणि प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे ते विंचरलेले लांब केस.

या सगळ्याच्या विरुद्ध त्याच्याकडे एकच गोष्ट होती आणि ती त्यानं निर्मलालाही सांगितलेली नव्हती. तो पाच वर्षांचा असताना, मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या साली, त्याला गोवर निघाला होता आणि ताप डोक्यात गेला होता. त्या तापातलं त्याला थोडं आठवत होतं. घोंगडीचा ओला वास. कोणीतरी उचलून चाललंय, पायाखाली खडी करकरतेय. मग गालाला थंडगार दगड. कपाळावर एक हात आणि त्या हातातली धातूची गार कड कपाळाला टेकलेली. आईच्या हातातली पाटली. बस, एवढंच. पण यातून त्यानं हळूहळू, वर्षानुवर्षं, एक पक्की इमारत उभी केली होती. आई त्याला सायबाच्या ठाण्यावर घेऊन गेली. हा जगू दे, तुझं नाव ठेवीन, असं बोलली. तो जगला. त्याचं नाव आधीच गोरख ठेवलेलं, नाथांचं नाव मोडता येत नाही, म्हणून पुढं जो झाला त्याला ते फेडण्यासाठी दिलं. म्हणजे केस, बिस्किटं, सायब, हे सगळं मुळात त्याच्या जिवापोटी होतं. भाऊ नुसती पावती. आणि आता सातासमुद्रापलीकडून एका बाईनं, त्यानं न विचारता, नेमका हाच नियम लिहून पाठवला होता. नाव ज्याच्यासाठी बोललं गेलं त्याचं.

बुधवारी त्यानं जबाब तयार केला. या धंद्यात कागद आधी तयार असतो. पक्षकार येतो तेव्हा त्याला काय म्हणायचंय ते छापलेलं असतं, कारण पक्षकाराला काय म्हणायचंय हे दस्तलेखकाला पक्षकाराहून चांगलं माहीत असतं. मग वाचून दाखवायचं, मान हलते, अंगठा. गर्दीच्या दिवशी अंगठा आधी आणि वाचन नंतर, आणि त्यानं कधी कोणाचं बिघडलेलं गोरखनं पाहिलं नव्हतं. त्यानं शाळेच्या दाखल्यावरून तारखा घेतल्या. लिहून देणार गजराबाई राघू करगळ, वय अंदाजे ऐंशी, धंदा घरकाम. कारणे लिहून देते की, माझा थोरला मुलगा गोरख हा पाच वर्षांचा असताना आजारी पडला, सबब त्याच्या जिवाकरिता मी सदर ठिकाणी नवस केला व नवसाप्रमाणे सदरचे नाव पुढील मुलास ठेवले. त्या ‘सबब’ शब्दावर तो थांबला. सगळा जबाब त्या शब्दावर उभा होता. मग खाली नेहमीची ओळ टाकली, वरील मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर असल्याचे कबूल करून अंगठा केला असे. त्याखाली साक्षीदाराची जागा.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता तो पिंपरी पेंढारला उतरला. आई ओट्यावर पाय पसरून लोकर मोकळी करत बसली होती. तिच्या भोवती पांढऱ्या-काळ्या लोकरीचे पुंजके होते आणि अंगाला मेंढरांचा वास, जो तो लहानपणी शाळेत जाताना घासून घासून काढायचा. “आला का? जेवलास का?” एवढं विचारून तिनं हातातलं काम चालू ठेवलं. किर्डल गोठ्यात एका लंगड्या मेंढीचं खूर धुवत होता. तिथूनच ओरडला, “दादा! आरं मी आता विलायती झालो म्हनं. नकाशात आलो. मेंढरं इचारत्यात, आता आमचं कसं.”

“संस्कृतीनं भरला फॉर्म,” गोरख म्हणाला.

“तिला कुटं काय कळतंय. म्हनली, पप्पा, जगात एकशे बेचाळीस हायेत, तुमी एकशे त्रेचाळीसावं. मी म्हनलं, मंग त्यास्नी कळव की म्हनावं, लोकर काढायला या समदी.”

आई हसली. तिच्या तोंडात पुढचे दोनच दात राहिले होते. ती भावाच्या विनोदांना अजूनही तशीच हसायची, थोडी उशिरा आणि मग पुष्कळ वेळ. गोरखनं पिशवीतून कागद काढला, शाईचं पॅड काढलं. “आये, हिकडं अंगठा दे. त्या बाईला पाठवायचाय जबाब.” तिनं विचारलं नाही कसला. डावा हात पुढं केला. लोकरीचं तेल बोटांना होतं, पहिला ठसा उठला नाही, नुसता एक धूसर डाग. त्यानं तिचा अंगठा आपल्या रुमालानं पुसला, रेषा न् रेषा. इतक्या वर्षांत त्यानं आईचा हात असा धरला नव्हता. दुसरा ठसा लख्ख उठला. किर्डल हात पुसत आला. “साक्षीदार पायजे ना? कुटं करू सही?” त्यानं वाकून, जीभ दातांत धरून, मोठ्या अक्षरांत किर्डल राघू करगळ लिहिलं. वरचा मजकूर त्यानं पाहिला नाही. दादानं लिवलंय म्हणजे बराबर असणार. आपलं नाव आपल्यापासून काढून घेणाऱ्या कागदावर तो साक्षीदार म्हणून सही करत होता, आणि गोरखला त्या क्षणी त्याचा इतका हेवा वाटला जितका बिस्किटांचाही वाटला नव्हता. न वाचता सही करता येणं. इतका भरवसा असणं, किंवा इतकी बेफिकिरी असणं.

“आता वाच की,” आई म्हणाली. “काय लिवलंयस माज्या नावानं?”

त्यानं वाचलं. दस्त वाचायच्या ठरलेल्या सपाट आवाजात. ‘सबब’ आला तेव्हा आवाज किंचित बारीक झाला. वाचून संपल्यावर गोठ्यात मेंढी दोनदा ओरडली. भाऊ ओट्याच्या कडेला टेकला होता, त्याचा चेहरा बदलला नव्हता, फक्त तो आता आईकडे पाहत होता.

“मी कवा गेले?” आई म्हणाली.

“मला गोवर निघाला होता तेव्हा. घोंगडीत घेऊन.”

“गोवर निघाला व्हता खरं. लई निघाला व्हता. पर मी न्हाई गेले, गोरख. मी उंबऱ्यात बसून व्हते. माजे पायच गेले व्हते. तुला तात्या घिऊन गेला.”

“तात्या?”

“मंग. घोंगडी त्याचीच व्हती.”

गोरखनं कागद गुडघ्यावर ठेवला. कपाळावरची ती गार कड. तात्यांच्या, म्हणजे वडिलांच्या, उजव्या मनगटात चांदीचं कडं असायचं, ते त्यांच्याबरोबर गेलं नाही, बहिणीच्या लग्नात मोडलं. हे त्याला माहीत होतं. एवढी वर्षं माहीत होतं. तो पाटली पाटली म्हणत आलेला, आणि आईच्या हातात पाटली कधी होती? काचेच्या बांगड्या, आणि दुष्काळाच्या साली त्याही नाहीत.

“मग तात्यांनी काय मागितलं?”

“ते मला कुटं म्हायती.”

“विचारलं नाहीस?”

“बोललेला नवस इचारायचा नसतो. फळत न्हाई.”

“आणि फिटल्यावर?”

“फिटल्यावर कोन इचारतंय, बाबा.” तिनं लोकरीचा पुंजका उचलला, त्यातली काडी काढली. “आला, तुला माज्या मांडीवर दिलं, अन एवढंच म्हनला, फुडल्या पोराला सायबाचं नाव ठिवायचं. लई थकल्यावानी बोलला. मंग भायेर जाऊन बसला.”

फुडल्या पोराला. गोरखनं पुढचा प्रश्न विचारायला वेळ लावला. नोंदणीच्या रांगेत पक्षकार आडवातिडवा बोलायला लागला की तो तारखेवर यायचा. तारीख आली की माणसं सरळ होतात. “तेव्हा हा पोटात होता का तुझ्या?”

“आता ते मी कुटं मोजलंय?”

“आये, आठव. मला ताप आला तेव्हा हा होता का पोटात, का नंतर राहिला?”

“आरं, तू मरायला टेकला व्हतास,” ती पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली. “मला माजं प्वाट दिसत व्हतं व्हय तवा?”

भावाच्या दाखल्यावर एक जून एकोणीसशे चौऱ्याहत्तर होतं. गुरुजींनी घातलेली तारीख. या तालुक्यातली अर्धी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, हे गोरखइतकं कोणाला ठाऊक असणार. त्या तारखेवरून काहीही सिद्ध होत नव्हतं. भाऊ पोटात असेल तर तात्यांनी गोरखचा जीव मागितला आणि येणाऱ्याच्या नावानं फेड कबूल केली. पोटात नसेल तर? तापानं फणफणलेलं पोर थंड दगडावर निजवून तात्या उभे आहेत. ते जगेल असं त्यांना वाटतंय का? का त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मेंढीच्या आजारी कोकराकडे पाहतात तसं, नीट, कसलीही माया कमी न करता, आणि मग दगडाकडे वळून म्हणाले, हा चालला, दुसरा दे. फुडल्याला तुजं नाव ठिवीन.

“ए दादा,” किर्डल म्हणाला. तो उठून जवळ आला होता, त्याच्या हाताला जंतुनाशकाचा वास होता. “तू त्या बाईला सांग, ठिपका गोरखच्या नावानं कर. मला काय करायचंय त्याचं? माजी मेंढरं काय नकाशा बघून चरत्यात का? सही तर केलीच हाये मी.”

“तुला काही वाटत नाही?”

“कशाचं?”

“तुला कशासाठी दिलं नाव ते.”

भावानं खरोखर विचार केला. मुंडासं काढलं, डोकं खाजवलं. केस मागे गेले होते, पांढरे झाले होते. “ल्हानपनी वाटायचं,” तो म्हणाला. “शाळंत पोरं म्हनायची, तुजा बाप थडग्यात हाये. लई मारामाऱ्या केल्या. मंग एकदा वाटायचं बंद झालं. तुला म्हायतीय का दादा, मला तुजंच नाव आवडायचं. आयेला मी म्हनायचो, मला गोरख म्हन. ती म्हनायची, त्यो हाये की एक.”

आईनं लोकरीतली आणखी एक काडी काढली. हे खरं होतं का ते गोरखला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. भाऊ समजूत घालायला बोलला असता तरी असाच बोलला असता. ठिपका त्यानं देऊन टाकला होता आणि देऊन टाकलेली वस्तू घेता येत नाही, निदान ज्यानं जन्मभर ती हिसकावून घ्यायचं मनात ठेवलंय त्याला तरी. त्यानं कागद पिशवीत ठेवला. चहा झाला. आईनं जाताना त्याच्या शर्टावरची लोकर झटकली, पाठीवरची, मग खांद्यावरची, जरा जास्त वेळ झटकत राहिली. “त्यात चूक हाये का लई?” तिनं विचारलं. “कागदात?”

“बघतो मी.”

“माजा अंगठा हाये त्याच्यावर.”

“हो.”

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. ओतूरच्या अलीकडे द्राक्षांच्या बागांवर पांढरी जाळी होती, तिच्यावर तिरकं ऊन होतं, पण त्याला दिसत होता तो माळ आणि त्यावर पाठमोरा उभा एक माणूस. तात्या हळू बोलायचे, मेंढरांशी बोलल्यासारखे. तो त्यांचे ओठ पाहायचा प्रयत्न करत होता. हा जगू दे, आणि दुसरा दे, दोन्ही वाक्यं त्या ओठांवर बसत होती. अंगठा झालेल्या कागदात बदल करता येत नाही, नवीन करावा लागतो. नवीन कागदात काय लिहायचं हेही त्याला माहीत होतं. माझ्या पतीने नवस केला, तो कोणासाठी केला हे मला माहीत नाही. असा जबाब कुठलीच कचेरी घेणार नाही. हेलन घेईल. ती लिहील, माहिती उपलब्ध नाही, आणि ठिपका भावाच्या नावानं राहील, कारण नाव वागवणारा तरी तिथे आहे. आणि हा जुना कागद पाठवला तर ती तोही घेईल, कारण तो काटेकोर माणसानं पाठवलेला. जगात तीन माणसांना ठाऊक असेल की तो खोटा आहे. त्यातली एक ऐंशी वर्षांची. एकानं साक्षीदार म्हणून सही केलेली आणि आपण होऊन ठिपका देऊ केलेला. उरला तो स्वतः. त्यानं पाहिलं की आपण मोजतोय, आणि मोजताना आपल्याला बरं वाटतंय. मग बरं वाटायचं थांबलं. कारण कागदावर काही लिहिलं तरी तो माणूस माळावर पाठमोराच उभा राहणार होता, आणि आता भावाचा मत्सर करायलाही पहिल्यासारखं बळ येत नव्हतं. बळ सगळं दुसरीकडे वळत होतं, ज्याला कोणी पाहिलं नव्हतं अशा एका मुलाकडे, जो तेव्हा कदाचित पोटातही नव्हता, आणि ज्याच्यासाठी तात्यांनी, कदाचित, पाच वर्षांचा गोरख सोडून दिला होता.

निर्मलानं विचारलं, झालं का काम. तो म्हणाला, अंगठा झाला. शुक्रवारी सकाळी त्यानं शेडमध्ये कागद स्कॅन केला आणि मेलला जोडला. मेलमध्ये हेलनचं नाव घातलं. विषयाच्या जागी जबाब असं लिहिलं. मग एक खरेदीखत आलं, ते केलं.

बारा वाजून वीस मिनिटांनी संस्कृतीचा फोन आला. ती कॉलेजातून घरी आलेली होती.

“आप्पा, आजीनं बोलवलंय तुम्हाला. तिला कायतरी आठवलंय म्हणे.”

“काय?”

“मला नाय सांगत. पप्पांनाही नाय. म्हणती, गोरखलाच सांगणार, अन तोंडावर सांगणार. फोन कानाला लावला तर हातानं ढकलला.”

“बरी आहे ना?”

“एकदम. आत्ता भाकरी खाल्ली. सकाळपासून आजोबांचंच काढती सारखं.”

“चांगलं आहे का वाईट?” गोरखनं विचारलं.

“काय?”

“जे आठवलंय ते.”

पलीकडे मागून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. “मला कसं कळणार, आप्पा,” ती म्हणाली. “तुम्ही या की.”

दीड वाजताची एसटी त्यानं सोडली, शेडमध्ये पक्षकार बसला होता. साडेतीनच्या गाडीला तो स्टँडवर होता. कंडक्टरनं दारात उभं राहून ओतूर, पिंपरी पेंढार, आळेफाटा असं दोनदा पुकारलं, गोरखकडे पाहिलं, घंटी दिली. त्यानंतर पाच वाजता एक गाडी होती, तीही त्याला बाकावर सोडून वेळेवर सुटली. गेलो की दोनांतलं एकच वाक्य उरणार होतं. मेल तोवर गेलेला नव्हता आणि पुसलेलाही नव्हता. सहा वाजता संस्कृतीनं पुन्हा फोन केला, आजी ओट्यावरून उठायला तयार नाही हे सांगायला. तेव्हा गोरख पिंपरी पेंढारला पोचलेला नव्हता.